जुनी डिझेल पिकअप सकाळी चालू होऊन लगेच बंद पडते, घरच्या घरी काय बघावं?

कुळागरकर

मंडळी, गाडी २००७ ची पिकअप. कंपनी मुद्दाम लिहीत नाही, लिहिली की अर्धा धागा त्यातच संपतो. अडीच लिटर, चार सिलिंडर, डीआय (डिझेल थेट सिलिंडरात फवारणारं) टर्बो, पंप साधा मेकॅनिकल. सेन्सर, कॉम्प्युटर यातलं काही नाही. सावईवेऱ्याहून सुपारी, नारळ, केळी फोंड्याला न्यायची, येताना शेणखत नाहीतर पाइप भरून आणायचे, हे तिचं काम.

आजार असा. रात्रभर उभी राहिली की सकाळी पहिल्याच सेल्फला उठते, काही सेकंद छान चालते आणि आचके देत बंद पडते. मग सेल्फ मारत बसायचं. मागून पांढरा धूर येत राहतो, बॅटरी मान टाकायला लागते तेव्हा कुठे ती परत धरते. एकदा धरली की दिवसभर नाव ठेवायला जागा नाही. चोर्ला घाट भरल्या मालानिशी चढते.

एका गॅरेजवाल्याने पंप उघडायला सांगितला, दुसऱ्याने चारही नोझल. दोघांनीही बॉनेट उघडलं नव्हतं, फोनवरच निकाल. पंपाच्या कामाचा जो आकडा सांगितला त्यात आमचं नारळ पाडणीचं वर्षाचं बिल भागतं. तर त्याआधी मला घरी काय तपासता येईल? पाने आहेत, मल्टिमीटर आहे, हाताखाली मुलगा आहे. ‘गाडी विका’ हा सल्ला कृपया नको.

मुंबईचा_मामा

विका.

नेहा_म्हापसा

मामा, शेवटची ओळ वाचा.

मुंबईचा_मामा

वाचूनच लिहिलं.

गुडगावचा_देशपांडे

हीटर प्लग, म्हणजे चालू करताना सिलिंडर आतून तापवणारे, ते गेलेत. सकाळीच त्रास, दिवसभर ठीक, पांढरा धूर, म्हणजे दुसरं काही नाही. माझ्या जुन्या जीपला दर हिवाळ्यात हाच खेळ. बारा व्होल्टचा दिवा घेऊन एकेक प्लग तपासा, अर्ध्या तासाचं काम.

फोरमन_डिचोली

हीटर नको, पंप नको, नोझलही नको. लक्षण नीट वाचा, गाडीनेच उत्तर दिलंय.

थंडीमुळे अडत असती तर पहिल्या सेल्फला उठलीच नसती. ती उठते, कारण पंपात आणि नोझलच्या नळ्यांत रात्रीचं डिझेल शिल्लक असतं. तेवढं संपेपर्यंत चालते. त्याच्या मागून येते ती हवा. रात्रीत डिझेल टाकीकडे उतरलेलं असतं आणि त्याच्या जागी कुठूनतरी हवा शिरलेली असते. शिवाय सगळ्या डीआय इंजिनांना हीटर असतातच असं नाही, देशपांडे म्हणतात ती जुनी जीप प्री-चेंबरवाली, म्हणजे डिझेल आधी छोट्या कप्प्यात पेटवणारी असणार, तिला हीटरशिवाय चालत नाही. कुळागरकर बाब, तुमच्या इंजिनला हीटर आहेत का हे आधी बघा, असले तरी गोव्याच्या हवेत ते गाडी अडवणार नाहीत.

आता मुख्य गोष्ट. टाकीपासून फीड पंपापर्यंतची (टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप) लाइन ही ओढीची लाइन. इंजिन चालू असताना तिथे दाब नसतो, आत ओढ असते. त्यामुळे बारीक भोक असलं तरी डिझेल बाहेर ठिबकत नाही, हवा आत जाते. लोक गाडीखाली वाकतात, थेंब दिसत नाही, लाइन ठीक आहे म्हणतात आणि पंप उतरवतात. पंप परत बसवताना सगळे जॉइंट नव्याने आवळले जातात, नवे तांब्याचे वॉशर पडतात, गाडी बरी होते आणि बिल पंपाचं लागतं. खाणीवरच्या वर्कशॉपमध्ये सगळी नोकरी झाली माझी, हा प्रकार डोळ्यांनी पाहिलाय.

पहिली तपासणी फुकटची. उद्या सकाळी किल्लीला हात लावण्याआधी डिझेल फिल्टरवरचा हँड पंप मारा, हाताला कडक लागेपर्यंत. मग सेल्फ. न अडखळता चालत राहिली तर रोग पक्का. हँड पंप किती वेळ मऊ लागतो तेही ध्यानात ठेवा. जितका वेळ मऊ, तितकं डिझेल मागे उतरलेलं.

आणि गाडी उभी कशी करता? नाक चढाला की उताराला? चढाला असेल तर डिझेल मागे टाकीकडे लवकर उतरतं.

गुडगावचा_देशपांडे

आमच्याकडे जानेवारीत चार डिग्री असतं हो. तुमच्याकडे वीसच्या खाली गेलं की लोक देवळात कानटोपी घालून येतात. हीटरचं दुःख तुम्हाला काय कळणार.

कुळागरकर

नाक चढाला. अंगणच तसं आहे. उद्या सकाळी हँड पंप मारून कळवतो.

घाटकरी

फोरमनसाहेबांशी नव्वद टक्के सहमत, पण परतीची लाइन विसरू नका. पंपातलं जास्तीचं डिझेल परत टाकीत जातं ती नळी टाकीत डिझेलच्या वरच संपत असेल आणि पंपावरचा ओव्हरफ्लो व्हॉल्व्ह नीट बसत नसेल, तर हवा तिकडूनही मागच्या दाराने येते. बेळगाव–चोर्ला–साखळी अशी भाजीची गाडी चालवतो मी, माझ्या गाडीला असंच होतं. सगळी पुढची लाइन बदलून झाली, आजार जागच्या जागी. शेवटी त्या व्हॉल्व्हच्या गोळीखाली लोखंडाचा कीस सापडला, डोळ्याला दिसेल न दिसेल एवढा.

दुसरा संशयित खुद्द हँड पंप. त्याचं आतलं रबर किंवा व्हॉल्व्ह गेला की तोच हवा घेतो.

फोरमन_डिचोली

घाटकरी, बरोबर. हँड पंपाच्या दांड्याशी ओल दिसते का बघायचं, दिसली की पंप बदलायचा, दुरुस्तीच्या भानगडीत पडायचं नाही. परतीच्या लाइनचं प्रमाण कमी असतं एवढंच माझं म्हणणं. आधी सोपं, मग अवघड.

तांबडी_माती

टाकीच्या झाकणाचं भोक पण बघा. बुजलं की टाकीत हवा जात नाही, डिझेल येणं थांबतं.

फोरमन_डिचोली

तो आजार उलटा. झाकणाचं भोक बुजलं तर गाडी सकाळी मस्त चालते आणि तासाभराने रस्त्यात गुदमरते. झाकण सैल केलं की ‘फुस्स’ होतं आणि परत चालायला लागते. इथे तसं नाही.

कुळागरकर

फोरमनसाहेब, नमस्कार घ्या! सकाळी हँड पंप बराच वेळ पोकळ लागला, मग हळूहळू कडक झाला. सेल्फ मारला, उठली ती बंद पडलीच नाही. मुलगा म्हणाला, आता रोज पंप मारूनच चालू करूया की, प्रश्न मिटला. हात त्याचेच दुखणार असल्याने मलाही पटलं होतं, पण त्याच्या आईने हाणून पाडलं.

हीटर नाहीतच इंजिनला. आता हवा नेमकी कुठून घेते ते कसं शोधायचं?

फोरमन_डिचोली

दोन रस्ते आहेत.

एक, पारदर्शक नळी. हार्डवेअरच्या दुकानात डिझेलला चालेल अशी जाड पारदर्शक नळी मागा. फीड पंपाच्या तोंडाशी वीतभर तुकडा घाला, क्लिप घट्ट. इंजिन चालू करून उजेडाकडे बघा. डिझेल काचेसारखं स्वच्छ वाहिलं पाहिजे. बुडबुड्यांची माळ दिसली की हवा त्या तुकड्याच्या मागे, म्हणजे टाकीच्या बाजूला आहे. मग तोच तुकडा टाकीकडे सरकवत न्यायचा. बुडबुडे जिथे दिसेनासे होतात, त्याच्या थोडं पुढे, इंजिनच्या बाजूला, चोर. ही नळी तपासणीपुरतीच ठेवा, इंजिनच्या उष्णतेने पुढे कडक होते.

दोन, डबा. स्वच्छ पाच लिटरचा कॅन, गाळलेलं डिझेल. फीड पंपाला टाकीऐवजी कॅनमधून नळी जोडायची, परतीची नळीही त्याच कॅनमध्ये. गाडी चालवून बघा, मग रात्रभर तशीच ठेवा. सकाळी नीट उठली आणि चालत राहिली तर दोष टाकीच्या बाजूच्या लाइनीत, नाही तर फिल्टर-पंपाच्या बाजूला. अर्धी गाडी एका रात्रीत निर्दोष सुटते. पण रात्री कॅन जमिनीवर ठेवा. वर टांगलात तर उतारानेच डिझेल येत राहील आणि आजार लपून बसेल. सायलेन्सर आणि टर्बोपासून लांब, हे सांगायला नको.

नवशिक्या_पेडणे

प्रश्न बाळबोध आहे, हसू नका. हवा ‘काढायची’ कशी? माझ्याकडे अशीच जुनी गाडी आहे. फिल्टर बदलला की दर वेळी मेकॅनिकला बोलवावं लागतं.

घाटकरी

यात हसण्यासारखं काय. फिल्टरच्या डोक्यावर एक छोटा स्क्रू असतो, तो दोन आटे सैल करायचा, खाली फडकं. हँड पंप मारत राहायचा. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग सलग डिझेल. पंप दाबलेला ठेवूनच स्क्रू आवळायचा. मग मोठ्या पंपावरचा स्क्रू, तोच प्रकार. बहुतेक वेळा इथेच काम होतं. नाही झालं तर नोझलला जाणाऱ्या नळ्यांचे नट जरासे सैल करून दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगायचं, डिझेल यायला लागलं की आवळायचे. सेल्फ सलग रगडायचा नाही. दहा-पंधरा सेकंद मारला की मिनिटभर विश्रांती, नाहीतर सेल्फ जळतो.

फोरमन_डिचोली

त्यात एक भर, आणि ही गमतीत घेऊ नका. नोझलच्या नळीत दोनशे बारच्या वर दाब असतो. इंजिन चालू असताना गळती शोधायला तिथे बोट लावायचं नाही. डिझेलची ती बारीक धार कातडीतून आत घुसते, वरून सुईच्या टोचणीएवढंच दिसतं, दुखतही नाही फारसं, आणि आत बोट सडायला लागतं. तसं झालं तर मलम लावत बसायचं नाही, तडक हॉस्पिटल. गळती बघायची असेल तर पुठ्ठा धरा.

नेहा_म्हापसा

बाबांच्या पश्चात नर्सरीची पिकअप मीच बघते, त्यामुळे दोन गोष्टी सांगते.

पावसाळ्यात फिल्टरच्या बुडाचा पाणी काढायचा स्क्रू दर आठवड्याला उघडते. काचेच्या बरणीत घ्यायचं आणि तसंच ठेवून द्यायचं. पाणी खाली बसतं, डिझेल वर, मध्ये रेघ स्पष्ट दिसते. टाकी अर्धी रिकामी ठेवून गाडी दिवसेंदिवस उभी केली की आतल्या हवेतली वाफ पत्र्यावर धरते आणि ते पाणी खाली बसतं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेतच पोहायचं असतं, त्यामुळे मी टाकी भरलेली ठेवते. त्या बरणीत एकदा शेवाळासारखा काळपट थर आला होता. टाकी उतरवून धुतल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

दुसरं, उंदीर. पावसात त्यांना बॉनेटखालची ऊब आवडते. शुक्रवारच्या बाजाराला रोपं भरून निघाले आणि हेडलाइट, हॉर्न, वायपर तिन्ही बंद. वायरिंगची जुडी कुरतडून गादी केली होती.

तांबडी_माती

उंदरांवर डांबरगोळ्या.

नेहा_म्हापसा

गोळ्यासुद्धा गादीत सापडल्या.

मुंबईचा_मामा

सगळे एवढं लिहिताय, ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) लावून कोड का नाही बघत? पाच मिनिटांत निदान.

घाटकरी

मामा, या गाडीला तो सॉकेटच नाही. कुठे खुपसायचा?

मुंबईचा_मामा

म्हणून म्हटलं विका.

सांगेकर

माझं निरीक्षण वेगळं आहे. डिझेल बीएस सहा (प्रदूषणाचा नवा नियम) झाल्यापासूनच जुन्या गाड्यांची ही दुखणी वाढलीत. डिझेल कोरडं झालंय. मी टाकीत थोडं टू-टी ऑइल घालतो, पंपाचा आवाज मऊ येतो.

पणजीचा_इंजिनिअर

गंधक कमी झालंय हे खरं. बीएस चारला ५० पीपीएम होतं, एप्रिल २०२० पासून १०. गंधक काढताना वंगणाचे घटकही जातात, पण ती कसर रिफायनरी रसायन घालून भरून काढते. मानकातच त्याची अट आहे, डिझेलमध्ये धातू घासून बघतात त्या चाचणीत झिजेचा व्रण ४६० मायक्रॉनच्या आत हवा. त्यामुळे टू-टी घालायची गरज नाही. उलट ते पेट्रोलच्या टू-स्ट्रोकसाठी बनवलेलं तेल, जळून मागे काय ठेवेल ते आपल्या हातात नाही.

तुमच्या म्हणण्यात तथ्य एवढंच, की जुन्या रबरी सीलना वर्षानुवर्षं एका प्रकारच्या डिझेलची सवय असते. डिझेलची घडण बदलली की ती थोडी आकसतात आणि जुनाट सील मग झिरपायला लागतं. त्यावर इलाज सील बदलणं.

सांगेकर

मानक कागदावर. माझा पंप अजून उघडलेला नाही, हे माझं मानक.

पणजीचा_इंजिनिअर

बरं बाबा. :)

तांबडी_माती

फोरमनसाहेब, विषय निघालाच आहे तर खाणीच्या दिवसांतलं सांगा. आमच्या गावात २०१२ च्या सप्टेंबरात खाणी बंद होऊन ट्रक उभे राहिले ते काही जण परत सुरूच करू शकले नाहीत.

फोरमन_डिचोली

उभी गाडी चालत्या गाडीपेक्षा लवकर मरते. २०१२ ला बंद झालं, मध्ये सुरू झालं, मार्च २०१८ ला परत बंद. ज्यांनी आठवड्यातून एकदा गाडी चालू करून गावात फेरी मारली, त्यांच्या गाड्या जगल्या. ज्यांनी बँकेचा हप्ता आणि ट्रक दोन्हीकडे पाठ केली, त्यांचे ब्रेक ड्रमला चिकटले, क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटली, टाक्यांत गंज. नुसतं जागेवर इंजिन चालू करूनही भागत नाही. ऑइल पुरतं गरम होत नाही, आत ओल धरते. चालवावीच लागते.

आणि ती लाल धूळ. त्या पट्ट्यात फिरणाऱ्यांनी एअर फिल्टर पुस्तकात लिहिलंय त्याच्या निम्म्या वेळात काढून बघायचा. हवा मारायची तर आतून बाहेर, बाहेरून मारली की धूळ कागदात घट्ट बसते. काळा धूर आणि चढाला जीव नाही, तर आधी फिल्टर, मग टर्बोचे होस पाइप, नोझल सगळ्यात शेवटी. निळा धूर असेल तर ऑइल जळतंय, तो वेगळा धागा काढा.

घाटकरी

सेकंडहँड घेणाऱ्यांसाठी टीप: मालीमच्या जेटीवरून मासळी वाहिलेली गाडी कितीही चकचकीत असो, घेऊ नका. बर्फाचं खारं पाणी हौद्यातून चासीवर गळतं. पाट्यांच्या कानापाशी स्क्रू-ड्रायव्हरने टोचून बघा, आरपार जातो. वासावर जाऊ नका, वास धुता येतो.

कुळागरकर

सापडलं!

पारदर्शक नळी लावली तर बुडबुडे लगेच दिसले, म्हणजे टाकीच्या बाजूला. तुकडा मागे सरकवत गेलो. टाकीवरून निघालेली लोखंडी नळी चासीला लागून येते आणि पुढे रबरी नळीला मिळते, तो जोड हौद्याच्या खाली आहे. तिथे कित्येक पावसाळ्यांची तांबडी माती चिरा होऊन बसली होती. स्क्रू-ड्रायव्हरने खरवडली तेव्हा कुठे क्लिप दिसली. क्लिप शाबूत, वरून रबरही शाबूत. रबर ओढून काढलं तर आतून तडे, आणि त्याखाली लोखंडी नळीचं तोंड गंजून देवीचे व्रण असावेत तसं खड्ड्या-खड्ड्यांचं. त्यावर रबर कितीही आवळलं तरी बसणार कसं? बाहेर डिझेलचा एक थेंब नाही.

गंजलेलं टोक करवतीने कापलं, पॉलिश पेपरने तोंड साफ केलं, डिझेलची नवी नळी, नव्या क्लिपा. हात फिरवतानाच फिल्टरच्या बोल्टांचे तांब्याचे वॉशरही बदलले. सगळ्याचा खर्च फोंड्यात दोघांच्या फिश थाळीएवढा. आता हँड पंप न मारता सकाळी उठते आणि चालत राहते. अंगणात नाक चढालाच लावतो.

एकच राहिलं. सेल्फ अजून थोडा जड फिरतो. बॅटरी नवीनच आहे, उभ्या गाडीला १२.६ व्होल्ट दाखवते.

पणजीचा_इंजिनिअर

अर्थिंग. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, वायरच्या टोकावर नको, खुद्द खांबावर. दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडावर. मुलाला सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टच्या वर दाखवलं तर करंट अर्थिंगच्या पट्टीतच वाया जातोय. इंजिन ते चासी आणि चासी ते बॅटरी, दोन्ही जोड खोला, रंग-गंज खरवडून लोखंड चमकवा, आवळा आणि वरून ग्रीस. ग्रीस आधी नाही. पॉझिटिव्ह बाजूलाही तसंच मोजा, बॅटरीचा खांब ते सेल्फचा मोठा बोल्ट.

फोरमन_डिचोली

शाबास रे कुळागरकर बाब. आता त्याच लोखंडी नळीचा बाकीचा भागही चासीच्या क्लिपांखाली बघून घ्या. माती जिथे जिथे साठते तिथे तेच चाललेलं असणार. आणि ब्रेकची नळी तिच्या शेजारूनच जाते. तीही खरवडून बघा, ती फुटली तर अंगणात नाही फुटायची.

नवशिक्या_पेडणे

ब्रेकचा विषय निघाला म्हणून. माझ्या गाडीचा ब्रेक कधीकधी दगडासारखा कडक होतो, जोर लावावा लागतो. ब्रेक ऑइल पूर्ण आहे. चवथीआधी पासिंगला न्यायची आहे, गाडी आठ वर्षांच्या वर असल्याने दर वर्षी ती कटकट.

घाटकरी

व्हॅक्यूम. डिझेल इंजिन पेट्रोलसारखी ओढ देत नाही, म्हणून वेगळा व्हॅक्यूम पंप असतो, बऱ्याच जुन्या पिकअपना तो डायनामोच्या पाठीवर बसवलेला असतो. इंजिन बंद करून ब्रेक चार-पाच वेळा दाबा, कडक होईल. पाय दाबून ठेवा आणि इंजिन चालू करा. पेडल जरा खाली गेलं पाहिजे. नाही गेलं तर बूस्टरकडे जाणारा पाइप, त्यातला व्हॉल्व्ह, मग पंप, या क्रमाने बघा. डायनामोच्या मागून ऑइल ओघळलंय का तेही बघा, त्या पंपाला इंजिनचंच ऑइल जातं. सील गेलं की ते डायनामोत उतरतं आणि चार्जिंगही जातं.

नवशिक्या_पेडणे

ओघळलंय! आणि बॅटरीचा लाल दिवाही मधूनच लुकलुकतो.

घाटकरी

मग पासिंग राहू दे, हे दुरुस्त होईपर्यंत माल भरून घाटात जाऊ नका. डायनामो उतरवून ऑटो-इलेक्ट्रिशियनकडे न्या, व्हॅक्यूम पंपाची सील किट मिळते. बसवताना ऑइलच्या नळीचा वॉशर नवा टाका, जुनाच परत लावतात आणि मग तिथूनच गळतं.

फोरमन_डिचोली

आणि डायनामो उतरवायच्या आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा.